गाडी स्वस्त, इंजिन महाग

१९९९ साली अमेरिकेत नवी पोर्शे ९११ घ्यायची तर साधारण ६५ हजार डॉलर मोजावे लागत. पंधरा वर्षांनी तीच गाडी, कारखान्यातल्या ‘९९६’ या क्रमांकाने ओळखली जाणारी, वीस हजारांच्या आसपास मिळू लागली. तिची धाकटी बहीण बॉक्स्टर तर दहा हजारांच्या खालीही. न्यू जर्सीला किंवा ह्यूस्टनला नोकरीसाठी गेलेल्या एखाद्या मराठी इंजिनीअरला शाळेत असताना वहीच्या कव्हरवर चिकटवलेली गाडी साध्या नव्या टोयोटाच्या भावात दिसली, तर त्याचं मन चाळवणारच. घ्यावी की नाही, हा प्रश्न त्याचा त्याने सोडवावा. पण घेण्याआधी एक गोष्ट त्याने पक्की लक्षात ठेवली पाहिजे. वर्षं सरली की गाडीची किंमत उतरते, दुरुस्तीची उतरत नाही. ६५ हजारांची गाडी पंधरा हजारांना मिळाली, तरी तिचं इंजिन खोलून पुन्हा बांधायचं बिल ६५ हजारांच्या गाडीचंच येतं. अमेरिकेतल्या जाणकार कार्यशाळेत ते आज वीस हजार डॉलरच्या वर सहज जातं. म्हणजे इंजिन गेलं तर दुरुस्तीला गाडीपेक्षा जास्त पैसे लागू शकतात. वापरलेल्या स्पोर्ट्स कारचं सगळं अर्थशास्त्र या एका विसंगतीवर उभं आहे.

९९६ इतकी स्वस्त का झाली, याची दोन कारणं सांगतात. एक, तिचे हेडलाइट. ते बॉक्स्टरकडून उसने घेतलेले, खाली ओघळल्यासारखे, आणि जुन्या गोल दिव्यांच्या भक्तांना ते कधीच रुचले नाहीत. दुसरं कारण इंजिनाच्या पोटात आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९८०च्या दशकाच्या मध्यात पोर्शे वर्षाला पन्नास हजारांहून जास्त गाड्या विकत होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा पंधरा हजारांच्या घरात आला. कंपनी विकली जाते की काय, अशी परिस्थिती होती. व्हेंडेलिन विडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, जपानी सल्लागारांना स्टुटगार्टच्या कारखान्यात आणलं, आणि टोयोटाच्या पद्धतीने एकेका कामातली उधळपट्टी शोधून काढायला लावली. त्याच काळात ठरलं की पुढची ९११ आणि नवी बॉक्स्टर या दोन गाड्यांचा पुढचा अर्धा भाग एकच असेल आणि इंजिनही एकाच घराण्यातलं असेल. १९९६ साली बॉक्स्टर आली, १९९७ साली ९९६. तीन दशकांहून जास्त काळ हवेने थंड होणारी ९११ आता पाण्याने थंड होऊ लागली. या निर्णयाने पोर्शे वाचली, यात शंका नाही. एम९६ हे नवं इंजिन बनवायला सोपं आणि स्वस्त होतं. गाडी चालवतानाही ते उत्तम वाटतं, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य आहे.

या इंजिनात सहा सिलिंडर आहेत, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला, आडवे झोपलेले. मध्ये क्रँकशाफ्ट. त्याच्या खाली एक पोकळ दांडा, त्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. गॅरेजच्या बोलीत नुसतं आयएमएस. क्रँक एका चेनने या दांड्याला फिरवतो, आणि दांडा आणखी चेन लावून दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट फिरवतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे सगळं या दांड्याच्या भरवशावर. दांड्याचं पुढचं टोक ऑइल पंपाच्या बाजूला साध्या बेअरिंगमध्ये फिरतं, तिथे दाबाने तेल येतं आणि काही बिघडत नाही. गडबड मागच्या, म्हणजे फ्लायव्हीलकडच्या टोकाला आहे. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तिथेही साधं, दाबाच्या तेलावर तरंगणारं बेअरिंग असे. एम९६मध्ये तिथे छर्ऱ्यांचं, दोन्ही बाजूंनी बंद केलेलं, आतमध्ये ग्रीस भरलेलं बेअरिंग बसवलं गेलं. तळहातावर मावेल एवढं.

बंद बेअरिंग ही काही वाईट चीज नाही. वॉटर पंपात, अल्टरनेटरमध्ये, घरच्या पंख्यात ती वर्षानुवर्षं बिनबोभाट फिरतात. पण ती कोरड्या जागी असतात. इथे ते बेअरिंग गरम इंजिन ऑइलच्या धुक्यात आहे. कडेची रबरी सील काही वर्षांत कडक होते, फटीतून तेल आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. आता आत जे तेल अडकलं ते बाहेर निघत नाही आणि ताजं तेल आत येत नाही. जुनं, आम्ल आणि पाणी साठलेलं ते तेल हळूहळू छर्ऱ्यांचा पृष्ठभाग खातं. त्यावर सूक्ष्म खड्डे पडतात, दांडा किंचित डगमगू लागतो, छर्ऱ्यांना अंतरावर ठेवणारी जाळी तुटते आणि छर्रे सुटतात. दांडा जागचा हलला की चेन ढिली पडते किंवा दात सोडते. मग व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन वर येतं. या इंजिनात दोघांना एकाच वेळी पुरेल इतकी जागा नाही. पुढचे दोन-तीन सेकंद ऐकवत नाहीत.

यातली खरी चीड आणणारी बाब ही की बेअरिंग फार कमी किमतीचं. पण ते फुटतं तेव्हा एकटं जात नाही. पोलादाचा बुरा तेलात मिसळतो, आणि तेल इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यात जातं. फिल्टर बराचसा अडवतो, सगळा नाही. क्रँकची बेअरिंगं, ऑइल पंप, कॅमच्या गाद्या, टॅपेट, सगळीकडे ओरखडे. म्हणून नुसतं नवं बेअरिंग घालून गाडी सुरू करणं हे उंदीर मारून प्लेगची साथ संपली म्हणण्यासारखं आहे.

बेअरिंगच्या तीन पिढ्या झाल्या. सुरुवातीला दोन रांगांचं होतं, ते त्यातल्या त्यात दणकट. साधारण २००० पासून एका रांगेचं आलं. बदनामी झाली ती याची. २००५-०६ च्या सुमारास आकाराने मोठं बेअरिंग आलं, ते क्वचितच बिघडतं, मात्र इंजिनाची कवची दुभंगल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. अमेरिकेत मालकांनी कंपनीवर सामूहिक दावा लावला. २०१३ साली तडजोड झाली. ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या ठरावीक गाड्यांना, दहा वर्षं किंवा १ लाख ३० हजार मैल यांतलं जे आधी येईल तोवर, भरपाईची सोय झाली. ती मुदत आता केव्हाच संपली आहे. या खटल्याच्या निमित्ताने जो आकडा सर्वत्र फिरू लागला तो असा: एका रांगेच्या बेअरिंगमध्ये शंभरातली साधारण आठ इंजिनं, दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये शंभरात जेमतेम एक.

आठ टक्के म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव गाड्या धडपणे चालल्या. पण भीती टक्केवारी मोजत बसत नाही. ‘आयएमएस’ ही तीन अक्षरं इतकी गाजली की ९९६ आणि बॉक्स्टरचे भाव त्यांनीच पाडले. त्याच वेळी त्याच पिढीच्या ९११ टर्बो आणि जीटी३ या गाड्यांना हात लावायला लोक घाबरले नाहीत, कारण त्यांत हान्स मेट्झगर यांच्या जुन्या रेसिंग वंशातलं वेगळं इंजिन होतं आणि त्यात हे बेअरिंगच नव्हतं. आणि २००८ साली पोर्शेने नवं इंजिन आणलं तेव्हा हा मधला दांडाच काढून टाकला. कंपनीने जाहीरपणे काय म्हटलं ते सोडून द्या. अभियंत्यांनी नव्या नकाशात काय खोडलं, ते बघावं.

माझं मत असं की या गाजलेल्या दोषाने मालकांचं एक मोठं नुकसान केलं. सगळ्यांची नजर बेअरिंगवर खिळली आणि दुसरा, शांतपणे मारणारा रोग दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला पडणारे ओरखडे. एम९६ आणि त्यानंतरच्या एम९७ मध्ये लोखंडी लायनर नाहीत. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येच सिलिकॉनचे कण मिसळलेला थर आहे, लोकासिल नावाचा, आणि पिस्टन त्या कणांच्या टोकांवरून घसरतं. पिस्टनच्या अंगावरचा लेप झिजला की ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासतं, कण सुटतात आणि सँडपेपरचं काम करतात. चारपासून सहापर्यंतच्या सिलिंडरांत, त्यातही सहाव्यात हे जास्त आढळतं. ३.६ आणि ३.८ लिटरच्या इंजिनांत तक्रारी अधिक. थंड प्रदेशात, सकाळी सकाळी गार इंजिनावर जोर देऊन चालवलेल्या गाड्यांत आणखी. आवाज खडखडाटाचा नसतो, नुसतं टकटक, तेही इंजिन गरम झाल्यावर. एक्झॉस्टच्या दोन नळ्यांपैकी एक जास्त काळी पडते, तेल कमी होत राहतं. मालक म्हणतो, टॅपेटचा आवाज असेल. वर्षभराने त्याला कळतं की ब्लॉकच गेला.

उलटही घडतं. एखाद्या सकाळी गाडी सुरू केली आणि मागे पांढऱ्या धुराचा एवढा लोट उठला की शेजारी अग्निशमन दलाला फोन करायला निघाले, तर मालकाने लगेच धीर सोडू नये. बहुधा तेल आणि हवा वेगळी करणाऱ्या सेपरेटरचा पडदा फाटलेला असतो आणि इंजिन तेल ओढून जाळत असतं. गाडी बंद करून तो भाग बदलला की संपलं. गाडी तशीच दामटली तर मात्र तेल सिलिंडरात साचून खरंच इंजिन मोडू शकतं.

पोर्शेला एकटीला दोष देऊन चालणार नाही. प्रत्येक जोरकस इंजिनाचा एक ठरलेला नाजूक सांधा असतो. बीएमडब्ल्यूच्या २००१-०३ च्या एम३ मध्ये आठ हजार आरपीएमपर्यंत जाणारं सुरेख सहा सिलिंडरचं इंजिन आहे. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं झिजत, तेव्हा कंपनीनेच मोहीम काढून ती बदलून दिली. पुढच्या व्ही८ एम३ मध्येही तेच दुखणं राहिलं, म्हणून जाणकार मालक आवाज येण्याची वाट न बघता खालून ऑइल पॅन उतरवून बेअरिंगं बदलून घेतात. माझ्दाच्या आरएक्स-८ ची कथा तर अगदी निराळी. तिथे पिस्टनच नाहीत. वान्केल इंजिनात तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पातळ पट्ट्या दाब धरून ठेवतात. त्या झिजल्या की गरम गाडी पुन्हा सुरू होत नाही. माझ्दाने अमेरिकेत २००४-०८ च्या गाड्यांसाठी इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. वापरलेली आरएक्स-८ घेताना साधा कॉम्प्रेशन गेज उपयोगाचा नाही. रोटरी इंजिनासाठीचं वेगळं यंत्र लागतं, आणि ते ज्याच्याकडे नाही त्याचा निर्वाळा ऐकू नये.

आणि काही इंजिनं चालकाच्या हाताने मरतात. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पार वर चढलेलं असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला, की चाकं इंजिनाला ओढून फिरवू लागतात. इंधन तोडणारा रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, कारण वेग इंधनाने आलेलाच नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना तेवढ्या घाईत व्हॉल्व्ह मिटवता येत नाहीत. इंग्रजी मुलखात या चुकीला ‘मनी शिफ्ट’ म्हणतात. ९९६ चा इंजिन संगणक अशा घटना दोन पट्ट्यांत नोंदवून ठेवतो: पहिलीत पाय दाबून लिमिटरला लागलेले प्रसंग, दुसरीत याहून वर गेलेले. सोबत शेवटचा प्रसंग इंजिनाच्या कोणत्या तासाला घडला, तेही असतं. विकणारा माणूस गाडी फक्त रविवारी देवळात जायला वापरली म्हणाला, तरी ही नोंद वाचायला मागावी.

आता प्रत्यक्ष बिघाडाचा क्षण. हायवेवर जाताना मागून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला, किंवा तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. या वेळी गाडी ‘पुढच्या पंपापर्यंत’ न्यायची नसते. क्लच दाबा, इंजिन बंद करा, गाडी आहे त्या वेगावर कडेला घ्या. इंजिन बंद झालं की पॉवर स्टीअरिंग आणि ब्रेकचा आधार कमी होतो, म्हणून हातापायांचा जोर जास्त लावावा लागतो, हे आधीपासून माहीत असलेलं बरं. तिथे थांबल्यावर सर्वांत मोठा मोह असतो तो ‘जरा पुन्हा सुरू करून बघू, आवाज येतो का’ हा. त्या एका प्रयत्नाने नीट राहिलेले व्हॉल्व्हही वाकू शकतात. गाडी दोरीने ओढत नेऊ नये, फ्लॅटबेड मागवावा. जमिनीला टेकलेल्या गाड्यांना फ्लॅटबेडच्या चढणीवर फळी टाकावी लागते, हे चालकाला फोनवरच सांगितलं तर पुढचा बंपर वाचतो.

मुंबईच्या पावसाळ्यात पुन्हा चावी न फिरवण्याच्या याच नियमाचं एक भाऊबंद रूप दर वर्षी दिसतं. स्पोर्ट्स कार जमिनीलगत, तिची हवा ओढण्याची जागाही खाली. साचलेल्या पाण्यात एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं की ते सिलिंडरात दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बऱ्याचदा पहिल्या झटक्यात इंजिन नुसतं बंद पडलेलं असतं. स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला की रॉड जातो. प्लग काढून, हाताने क्रँक फिरवून पाणी बाहेर काढेपर्यंत चावीला हात लावू नये.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर चांगला मिस्त्री ओळखायची एक खूण आहे. तो लगेच ‘इंजिनचं काम निघालं’ म्हणत नाही. आधी क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने इंजिन फिरवून बघतो. मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हचे चंद्रकोरी ठसे उमटलेत का ते पाहतो. सिलिंडरच्या भिंतीचे ओरखडे मात्र वरून बऱ्याचदा नीट दिसत नाहीत, त्यासाठी ऑइल पॅन उतरवून खालून बघावं लागतं. नुसत्या प्लगच्या भोकातून पाहून ‘ब्लॉक ठीक आहे’ असा दाखला देणाऱ्याकडून तो लेखी घ्यावा, बहुधा तो देणार नाही.

खरी बातमी ऑइल फिल्टर सांगतो. एम९६ मध्ये प्लॅस्टिकच्या झाकणाखाली कागदी घड्यांचा फिल्टर असतो. तो बाहेर काढून तेल निथळू द्यायचं. धारदार सुरीने दोन्ही टोकं कापायची आणि घड्यांचा पट्टा मोकळा करायचा. तो चिंधीत गुंडाळून व्हाइसमध्ये हळूहळू आवळला की उरलेलं तेल निघतं. मग पट्टा उन्हात धरायचा. काळ्या तेलाच्या डागांत चांदीची चमक दिसली, तर कागदाखालून चुंबक फिरवायचा. जी चमक चुंबकामागे सरकते ती पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा चेन. जी जागची हलत नाही ती ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन, सिलिंडर किंवा कॅमच्या गाद्या. पिवळसर लालसर छटा क्रँकच्या बेअरिंगची. काळे कडक तुकडे सापडले तर ते चेनच्या प्लॅस्टिकच्या मार्गदर्शक पट्ट्यांचे किंवा बेअरिंगच्या रबरी सीलचे. दोन-चार कण म्हणजे काही प्रलय नव्हे, जुन्या इंजिनात तेवढं निघतंच. मूठभर चमक निघाली तर बेअरिंगची चर्चा थांबवून पूर्ण इंजिनाची करावी. हा पट्टा फेकू नये. पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवावा आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. हेच काम गाडी विकत घेण्यापूर्वीही करता येतं, आणि मालक फिल्टर कापू देत नसेल तर ते त्याचं उत्तरच समजावं.

चमक नसेल, बेअरिंग अजून शाबूत असेल, तर बदलून घेण्याची उत्तम वेळ क्लचप्लेट बदलायची असते. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरलेलं असतं आणि आयएमएसचं झाकण समोर येतं. तीन बोल्टचं झाकण. पण ते काढण्याआधी क्रँक ठरलेल्या जागी पिनने अडकवावा लागतो, कॅम कुलूपबंद करावे लागतात आणि चेनचे टेन्शनर सैल करावे लागतात. यातलं एक जरी चुकलं तर दांडा कलंडतो, टायमिंग निसटतं, आणि जो अपघात टाळायचा तोच आपल्या हाताने घडतो. नवीन बेअरिंगमध्ये दोन वाटा आहेत. एक, पोलादी कड्यांत सिलिकॉन नायट्राइडचे, म्हणजे सिरॅमिकचे, छर्रे असलेलं आणि इंजिनाच्या बाजूची सील नसलेलं बेअरिंग, ज्यात ताजं तेल येत-जात राहतं. अमेरिकेतल्या एलएन इंजिनीअरिंगने हे लोकप्रिय केलं. दुसरी, महागडी वाट म्हणजे छर्रेच काढून टाकून साधं बेअरिंग आणि त्याला दाबाच्या तेलाची स्वतंत्र नळी. थोडक्यात, हवेच्या इंजिनात जे होतं तिकडेच परतणं. क्लचसकट या कामाला काही हजार डॉलर लागतात. वीस हजारांच्या भीतीवर एवढा खर्च मला तरी रास्त वाटतो. त्याबरोबर तेल बदलण्याचं अंतरही कमी करावं. कंपनीच्या पुस्तकातलं अंतर फार लांब आहे. आठवड्याला दोनदा पाच किलोमीटर चालून पुन्हा गोणपाट पांघरणाऱ्या गाडीत तेलातलं पाणी कधी जळतच नाही. नियमित, नीट गरम होऊन चालणाऱ्या गाड्या जास्त टिकतात, असाच अनुभव या कामातले लोक सांगतात.

इंजिन गेलेलंच असेल तर भावनेला थोडं बाजूला बसवावं लागतं. पूर्ण बांधणी म्हणजे ब्लॉक दुभंगून सिलिंडरमध्ये नवे लायनर, नवी पिस्टनं, बेअरिंगं, चेन, हेडचं काम. ज्या गाडीचं चासिस, आतली बैठक आणि कागद चांगले आहेत, आणि जी आपण दहा वर्षं ठेवणार आहोत, तिच्यासाठी हे करावं. विकण्यासाठी केलं तर खर्च कधीच परत येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे अपघातात मोडलेल्या गाडीचं वापरलेलं इंजिन. स्वस्त पडतं, पण ते त्याच वयाचं आणि त्याच दुखण्याचं असतं. तेव्हा बसवण्याआधी ते स्टँडवर असतानाच बेअरिंग बदलावं आणि खालून सिलिंडर बघावेत. गाडीत चढवल्यावर हीच कामं दुप्पट मजुरीची. ३.४ आणि ३.६ लिटरच्या इंजिनांची वायरिंग आणि संगणक वेगळे आहेत, त्यामुळे ‘जरा मोठंच घालू’ म्हणणाऱ्या मालकाने आधी तज्ज्ञाला विचारावं. तिसरा मार्ग, गाडी आहे तशी विकणं. इंजिन मेलेल्या ९११ लाही गिऱ्हाईक असतं. गिअरबॉक्स, चाकं, सीट, दरवाजे यांना मागणी आहे, आणि रेसट्रॅकसाठी गाडी बांधणारे लोक असेच सांगाडे शोधत असतात. पहिल्या भावात देऊन टाकू नये एवढंच.

भारतात हा हिशेब आणखी कडक होतो. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टीअरिंग उजवीकडे असावं आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी, असा नियम आहे. त्यामुळे वीस वर्षांची ९९६ बाहेरून आणायचा मार्ग बंद, आणि जुन्या परदेशी इंजिनाचे सुटे भाग, पुण्यात असो की पणजीत, बाहेरून मागवावे लागतात. विम्याकडून फार आशा ठेवू नये. नेहमीच्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड पॉलिसी पाणी शिरणं किंवा तेल गळून झालेलं नुकसान भरते, वयाने फुटलेलं बेअरिंग नाही. म्हणून वर सांगितलेला फिल्टरचा पट्टा आणि टो करतानाचे फोटो सर्व्हेअर येईपर्यंत जपावेत. आणि वापरलेलं इंजिन बसवायचं ठरलं तर पैसे देण्याआधी ब्लॉकवरचा क्रमांक स्वतः टॉर्च धरून वाचावा, तो ज्या गाडीतून आला तिच्या कागदांशी आणि बिलाशी ताडून पाहावा, आणि आरटीओत कळवून आरसी बुकावर नवा क्रमांक चढवून घ्यावा. क्रमांक घासलेला असेल, तर इंजिन कितीही गोड फिरत असलं तरी दुकानातच सोडून यावं.